मदत हवी आहे: कॉम्प्युटर क्रॉनिकल्सचे जुने भाग प्रोजेक्टरवर दाखवायचेत, आडव्या रेघा येतायत

नमस्कार मंडळी,

द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स ही अमेरिकन मालिका इथे कोणी बघितलीय का? पीबीएसवर (तिकडची सार्वजनिक टीव्ही वाहिनी) १९८३ ते २००२ चालली, स्टुअर्ट शेफे निवेदक, अर्ध्या तासाचा भाग, टेबलावर खरं मशीन आणि बनवणारा माणूसच ते चालवून दाखवतोय. बरेच भाग इंटरनेट आर्काइव्ह ह्या साइटवर फुकट आहेत.

आमच्या वाचनालयात सुट्टीत नववी-दहावीच्या पोरांना दोन भाग दाखवायचा बेत आहे. एक १९८७ चा, ॲपल मॅकवरच्या हायपरकार्ड ह्या प्रोग्रॅमवरचा, त्यात तो बनवणारा बिल ॲटकिन्सन स्वतः येऊन बटणावर क्लिक करत एका कार्डावरून दुसऱ्यावर जाऊन दाखवतो, तेही वेब अजून निघालंच नव्हतं तेव्हा. दुसरा गॅरी किल्डॉल सहनिवेदक असतानाचा कुठलातरी, कारण सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम ह्या माणसाची, आयबीएम पीसीचा बाजार मात्र मायक्रोसॉफ्टच्या डॉस ह्या सिस्टीमने मारला, आणि हा आपला शांतपणे बसून पाहुण्यांना त्याच पीसीबद्दल प्रश्न विचारतोय. मला तर तेच भाग आवडतात, नंतरचे बरेचसे खरेदीची यादी वाचल्यासारखे वाटतात (भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा).

तर अडचण अशी की लॅपटॉपवर ठीक दिसतं पण प्रोजेक्टरवर कोणी हात हलवला की कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात. आर्काइव्हवरची छोटी एमपी४ उतरवली होती, हँडब्रेकमधून (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर) परत काढून बघितली, काही फरक नाही. आवाजही फक्त डाव्या स्पीकरमधून येतो. आणि इंग्रजी सबटायटल विस्परने (बोलणं ऐकून लिहून देणारं एआय) काढली तर किल्डॉलचं नाव दर वेळी नवीनच. लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक कार्ड वगैरे नाही.

प्रतिसाद १
छोटी एमपी४ टाकून द्या. हे टीव्हीचं इंटरलेस्ड चित्रण आहे, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या अर्ध्या ओळी असतात, तशीच फाइल लहान केली की त्या एकमेकांत मिसळतात, मग कुठलाच फिल्टर कामाचा नाही. त्याच पानावर मोठी एमपेग२ फाइल असेल तर ती घ्या, हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला (त्या ओळी वेगळ्या करणारा फिल्टर) यॅडिफ, प्रीसेट बॉब, आणि फ्रेमरेट ५९.९४ ठेवा. नुसतं दाखवायचंच असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस ऑन करून मोड यॅडिफ २एक्स, कन्व्हर्ट करायची भानगडच नको. आवाजासाठी व्हीएलसीतच ऑडिओ मेनूत स्टिरिओ मोड 'लेफ्ट' करा, दोन्हीकडून येईल.

प्रतिसाद २
विस्परला इनिशियल प्रॉम्प्ट (सुरुवातीची सूचना) देता येतो, त्यात किल्डॉल, सीपी/एम, डिजिटल रिसर्च (त्याची कंपनी) अशी नावं इंग्रजी स्पेलिंगने लिहून द्या. सुरुवातीला नीट धरतं, पुढे परत घसरतं, ते मग फाइंड-रिप्लेस मारून. आणि किल्डॉलच दाखवायचा तर १९९५ चा त्याच्यावरचा विशेष भाग का नाही? तो १९९४ मध्ये गेला, त्यानंतर ह्याच मालिकेवाल्यांनी केला होता.

धागाकर्ता
एमपेग२ सापडली, व्हीएलसीत रेघा गेल्या! आवाजही आला दोन्हीकडून, धन्यवाद दोघांनाही. विशेष भाग बघतो, पण पोरांना किल्डॉल आधी कामात दिसला पाहिजे असं वाटतं. १९८४-८५ च्या आसपासचा, ज्यात तो जास्त बोलतो असा एखादा भाग कोणाला आठवतोय का?