डर्ट बाईकला कोणती प्लग कॅप बसवावी? तातडीने मदत हवी आहे

घाटमाथा_सातारा
नमस्कार. माझ्याकडे १२५ सीसीची छोटी डर्ट बाईक आहे. जुनी प्लग कॅप (स्पार्क प्लगवर बसणारी वायरची टोपी) चिरल्यामुळे मी गेल्या आठवड्यात नवी आणून बसवली. कोरड्या रस्त्यावर गाडी उत्तम चालते, परंतु यवतेश्वरच्या चढाला पाऊस लागला किंवा एखाद्या ओढ्यातून गेले, की लगेच मिसिंग मारू लागते आणि पाच-दहा मिनिटांत बंद पडते. रविवारी बाहेर पडायचे आहे, म्हणून कृपया केवळ योग्य कॅपचा नंबर सांगावा. बाकी सर्व तपासून झाले आहे.

कुपवाडचा_फिटर
बाकी सर्व म्हणजे काय काय, ते लिहिले असते तर बरे झाले असते. प्लगवर कोणता नंबर कोरलेला आहे? नव्या कॅपवर काय छापले आहे? प्लगच्या टोकावरची बारीक गोल नट काढलेली आहे की तशीच आहे? एवढे कळल्याशिवाय नंबर सांगणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल पाठवण्यासारखे आहे.

टूस्ट्रोक_मिरज
माझा सल्ला असा, की प्लगच इरिडियमचा टाकावा. मी माझ्या जुन्या टू-स्ट्रोकला टाकला आणि पहिल्या किकला चालू होऊ लागली.

कुपवाडचा_फिटर
त्यांनी गाडी चालू होत नाही असे म्हटलेलेच नाही. ती पाण्यात बंद पडते.

निवृत्त_वायरमन_वाई
बाजारातल्या कॅपमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर (विद्युत रोध) घातलेला असतो आणि तो करंट खातो. आमच्या काळी साधी बिनरेझिस्टरची टोपी असे, आणि त्या गाड्या भर पावसात महाबळेश्वरचा घाट चढत असत. तीच शोधून बसवावी. वरून सायकलच्या ट्यूबचा चार बोटे लांबीचा तुकडा ओढून घ्यावा, म्हणजे थेंबही आत जाणार नाही.

कऱ्हाडची_ऑफरोडर
काका, ट्यूबचा प्रयोग मीही केला आहे. पाणी वरून येत नाही हे खरे, पण खालून एकदा शिरले की ट्यूबमुळे ते बाहेरही पडत नाही आणि आत गंज धरतो. रेझिस्टर करंट खाण्यासाठी नव्हे, तर ठिणगीमुळे होणारा विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी असतो. तो काढल्यावर डिजिटल मीटर वेडेवाकडे आकडे दाखवू लागतो आणि काही सीडीआयही (ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) गोंधळतात. मात्र प्लगमध्येही रेझिस्टर आहे का, हे आधी पाहावे, कारण मग दोन्ही मिळून १० किलोओहम होतात. एनजीके कंपनीच्या प्लगवर सीआर७एचएसए असे लिहिले असेल, तर त्यातला आर हा रेझिस्टरचा. सी७एचएसए या प्लगमध्ये तो नसतो.

घाटमाथा_सातारा
सर्वांचे आभार, पण मला नंबर हवा होता. असो. प्लग काढून पाहिला, त्यावर ए७टीसी असे आहे. टोकावरची नट मी पूर्वीच काढून टाकली होती. कॅपवर एलबी०५एफ छापलेले आहे. ती बसवताना टक् असा आवाज येतो, त्यामुळे ती नीट बसली आहे असे मी धरून चाललो होतो.

कुपवाडचा_फिटर
आता सारे उलगडले. ए७टीसी हा १० मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा प्लग आहे. तुमची कॅप १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी केलेली आहे. एनजीकेच्या नंबरातले पहिले अक्षर आकार सांगते: एल म्हणजे काटकोनी, एस म्हणजे सरळ, एक्स म्हणजे १०२ अंशांत वाकलेली. दुसरे अक्षर प्लगची जाडी सांगते: बी असेल तर १४ मिलिमीटरचा, डी असेल तर १० किंवा १२ मिलिमीटरचा. ०५ म्हणजे ५ किलोओहम, आणि एफ म्हणजे नट काढलेल्या, आटे उघड्या असलेल्या टोकावर बसणारी. टोकाचे आटे दोन्ही प्लगांना सारखेच असल्यामुळे टक् आवाज येतो आणि माणूस फसतो. पांढऱ्या चिनीमातीची जाडी मात्र वेगळी असते. त्यामुळे कॅपचे खालचे रबर बारीक प्लगला घट्ट धरत नाही आणि त्या फटीतून पाणी आत जाते. तुमच्या इंजिनाचे सिलिंडर आडवे असेल, तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथेच येत असणार. एक्सडी०५एफ घ्या.

टूस्ट्रोक_मिरज
एवढे पुराण कशाला? प्लगला पाना १६ चा लागला तर बारीक प्लग आणि २१ चा लागला तर जाड, इतके सोपे आहे.

कऱ्हाडची_ऑफरोडर
तितके सोपे नाही. बीकेआर मालिकेतल्या प्लगना पाना १६ चाच लागतो, पण आटे १४ मिलिमीटरचे असतात. पान्यावर भरवसा न ठेवता आट्यांवर पट्टी धरावी.

निवृत्त_वायरमन_वाई
रबर सैल असल्याचा मुद्दा मला मान्य आहे. रेझिस्टरविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

कुपवाडचा_फिटर
यांच्या प्लगमध्ये रेझिस्टर नाही, त्यामुळे कॅपमध्ये तो असलेलाच बरा. घाटमाथा, खात्री करायची असल्यास रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॅपच्या बुडाशी फवाऱ्याने थोडे पाणी मारा. हात लांब ठेवा.

घाटमाथा_सातारा
काल रात्री तसे केले. पाणी पडताच कॅपच्या खालच्या कडेपासून इंजिनाच्या हेडपर्यंत बारीक निळसर ठिणग्या सरपटताना स्पष्ट दिसल्या आणि इंजिन धडपडू लागले. आज एक्सडी०५एफ मिळाली. जुनी कॅप फिरवून काढली, तेव्हा वायरच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडलेली आढळली.

कऱ्हाडची_ऑफरोडर
ते हिरवे टोक तसेच ठेवू नका. अर्धा-एक सेंटिमीटर वायर सरळ कापून चकचकीत तांबे दिसू द्या, मगच कॅपचा स्क्रू त्यात घड्याळाच्या दिशेने फिरवत न्या. बसवण्यापूर्वी कॅपचा रोध मल्टिमीटरवर मोजा. तो ५ किलोओहमच्या आसपास यायला हवा. रबराच्या आतल्या ओठाला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवावा.

घाटमाथा_सातारा
वायर कापली. मीटरवर ४.९ आले. ही कॅप बसवताना रबर अक्षरशः दाबून सरकवावे लागले, आधीची बोटाने गोल फिरत होती. संध्याकाळी ओढा तीन वेळा ओलांडला आणि गाडी एकदाही अडखळली नाही.

टूस्ट्रोक_मिरज
अभिनंदन. आता इरिडियम प्लगचा विचार करायला हरकत नाही.

नवा_सदस्य_कोरेगाव
धागा वाचला. माझी गाडीसुद्धा पावसात बंद पडते. कोणती कॅप घ्यावी?

कुपवाडचा_फिटर
प्लगवर कोणता नंबर कोरलेला आहे?