पोस्टरवरचा प्रश्नच चुकतोय

‘अमेरिकेत शेल्टरमध्ये पोस्टर लावली की बेघर माजी सैनिकांना योजना कळतील’, असं सुचवलं जातं. कळतील, पण पोस्टरवर ‘तुम्ही व्हेटरन आहात का?’ असं छापलेलं असेल तर बरेच जण पुढे वाचतच नाहीत. युद्धावर न गेलेले, नॅशनल गार्डमधले (राज्यांच्या राखीव दलातले) आणि विशेषतः स्त्रिया स्वतःला व्हेटरन समजत नाहीत. ‘तुम्ही कधी सैन्यात नोकरी केली आहे का?’ असं विचारा, उत्तर बदलतं. त्याखाली एकच नंबर मोठ्या अक्षरात: ८७७-४२४-३८३८. व्हीएची, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची, बेघरांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. दहा योजनांची आद्याक्षरं छापून काही होत नाही.

दुसरी अडचण डिस्चार्जची, म्हणजे सैन्यातून सुटताना कागदावर पडणाऱ्या शेऱ्याची. ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नाही) शेरा असला की माणूस आपलं काही नाही म्हणून गप्प बसतो. पण हड-व्हॅश, म्हणजे भाड्याचं व्हाउचर अधिक व्हीएचा केसवर्कर, आता अशांनाही मिळू शकतं. ‘डिसऑनरेबल’ हा सगळ्यात वाईट शेरा असेल तर मात्र नाही. भाड्यात स्वतःचा वाटा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के. आणि डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, हरवलाय म्हणून कुणाला परत पाठवू नका. सेवेची नोंद व्हीए स्वतः तपासू शकते, प्रतही नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागाराकडून साधारणपणे फुकट मिळते. फक्त १९६० च्या आधी आर्मीतून सुटलेल्यांचे बरेच कागद सेंट लुईसच्या सरकारी नोंदी केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत गेले, तिथे पगाराच्या नोंदींसारखे इतर पुरावे जोडावे लागतात.