मदत हवी आहे: टुंड्रातली वनस्पती विविधता घटतेय की नाही?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला टुंड्रा आणि क्लायमेट चेंज घेतलंय आणि एका जागी पार अडकलेय, कुणी इकॉलॉजीवाले असतील तर प्लीज बघा.

आयटेक्स (इंटरनॅशनल टुंड्रा एक्सपेरिमेंट) म्हणून १९९० पासून चाललेला प्रयोग आहे, त्यात जमिनीवर वरून उघडे चेंबर ठेवतात, आतलं तापमान १ ते ३ अंशांनी वाढतं. २००६ मध्ये ११ ठिकाणांचे निकाल एकत्र आले, झुडपं आणि गवतं वाढली, मॉस (शेवाळासारख्या बारीक वनस्पती) आणि लायकेन (दगडफूल) घटले, विविधता कमी झाली. हे पटतं, कारण बुटका बर्च किंवा विलो जरा उंच झाला की खाली सावली आणि पालापाचोळा, मग जमिनीलगतच्या फुलझाडांना उजेड मिळणार कुठून.

पण २०२५ च्या नेचर जर्नलमधल्या पेपरात ४५ ठिकाणच्या दोन हजारांवर प्लॉटचा (मोजणीसाठी आखलेले जमिनीचे छोटे तुकडे) १९८१ ते २०२२ चा डेटा आहे आणि तिथे प्रजातींची संख्या एकूणात ना वाढली ना घटली!! आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतंय आणि तरी असं? मला 'फारसं बिघडलेलं नाही' असं लिहायचं नाहीये, पण डेटाच्या विरुद्धही बोलायचं नाही. स्लाइडवर काय लिहू?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर आहेत. त्याच पेपरात पुढे बघा, बऱ्याच प्लॉटमध्ये काही प्रजाती नव्या आल्या, काही गेल्या, म्हणून बेरीज-वजाबाकी शून्याजवळ येते. जिथे जास्त तापलं तिथे येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रजातींचं प्रमाण दोन्ही जास्त, जिथे झुडपं पसरली तिथे संख्या घटली, म्हणजे तुमची सावलीची गोष्ट तिथेही आहेच. आणि मुख्य म्हणजे त्या मोजणीत मॉस आणि लायकेन धरलेलेच नाहीत! रेनडिअर आणि कॅरिबू हिवाळ्यात लायकेनवर जगतात, त्यामुळे ते बाजूला ठेवून 'विविधता टिकली' म्हणणं मला तरी धोक्याचं वाटतं. एकूण आकडा देऊच नका, आलेल्या आणि गेलेल्या प्रजाती वेगवेगळ्या दाखवा.

प्रतिसाद २
चरणारे प्राणी विसरू नका. ग्रीनलंडमध्ये कांगरलुस्सुआकजवळ कुंपण घालून बरीच वर्षं प्रयोग केला, २०२३ मध्ये सायन्स जर्नलमध्ये आलाय. कॅरिबू आणि मस्कॉक्स (लांब केसांचे, बैलासारखे प्राणी) चरत होते तिथे विविधता हळू घटली, कुंपणाच्या आत जास्त वेगानं. ते झुडपं खाऊन आटोक्यात ठेवतात ना.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे, लायकेन मोजलेले नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता आलेल्या-गेलेल्या प्रजातींचा ग्राफ करते आणि ग्रीनलंडची एक स्लाइड वाढवते. फक्त लायकेनचा वीसेक वर्षांचा डेटा कुठल्या एका ठिकाणचा मिळेल का, अलास्का चालेल, स्वालबार्डही (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं) चालेल?