‘कूळ’ आणि ‘कूळ लागणे’

प्रश्न : सातबाऱ्यावरचं ‘कूळ’ आणि कूळ-गोत्रातलं ‘कूळ’ हा शब्द एकच का? आणि जमिनीला कूळ ‘लागतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

– शब्द एकच. कूळ म्हणजे घराणं. गावाच्या हिशेबात सारा भरणारं एकेक घर हेही कूळ, आणि त्यांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी. पुढे सावकाराकडून कर्ज उचलणाराही त्याचं कूळ झाला आणि दुसऱ्याची जमीन कसून खंड (जमिनीचं भाडं) घालणाराही. आज मुख्यतः हा शेवटचा अर्थ उरलाय.

पण खरी गोष्ट क्रियापदांत आहे. जुन्या बोलण्यात कूळ ‘ठेवतात’, कूळ ‘काढतात’, कूळ ‘उठवतात’. प्रत्येक ठिकाणी कर्ता जमीनमालक किंवा खोत, म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. ‘आमची कुळं’ म्हणताना त्या ‘आमची’त मालकी असायची. (नपुंसकलिंगामुळे अपमान होतो असं मात्र मला वाटत नाही, गिऱ्हाईकही नपुंसकलिंगीच आहे.) ‘कूळ लागणे’ मध्ये मालक कर्ता राहिलाच नाही. कसणाऱ्याचं नाव दप्तरात लागलं की त्याला मनाला येईल तेव्हा उठवता येत नाही.

हा बदल आपोआप झाला नाही. अलिबागच्या खारेपाटात, चरी गावी, १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही असं ठरवून शेतं ओस ठेवली. स्वतःचं पोट ज्या भातावर, तेच पिकवायचं नाही, हे किती अवघड असेल! लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले. हे सुमारे सहा वर्षं चाललं. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कायद्यानं ‘संरक्षित कूळ’ हा शब्दप्रयोग आणला, १९४८ चा कुळकायदा त्याच्या पुढे गेला, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. कोकणात कुळकायद्याची ‘३२ ग’ आणि ‘३२ म’ ही कलमं अनेकांना तोंडपाठ असतात ती याचमुळे. ३२ ग खाली कुळानं द्यायची जमिनीची किंमत ठरते, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र मिळतं.

– आमच्याकडे ‘जमीन कुळात गेली’ म्हणतात. आजीच्या तोंडी ते सुतकासारखं यायचं. सगळेच मालक काही खोत नव्हते हो.

– खरंय, नव्हते. म्हणूनच विधवा, अज्ञान (अल्पवयीन) मुलं आणि सैनिक यांच्या जमिनीपुरती खरेदी पुढे ढकलण्याची सोय कायद्यात होती. तरी ‘गेली’ हे एका बाजूचं क्रियापद आहे. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालणाऱ्याच्या घरात हेच ‘आमचं नाव लागलं’ असं सांगतात. ‘लागणे’ सुद्धा तसंच. मालकाच्या तोंडी ‘कसायला देऊ नकोस, कूळ लागेल’ हे कीड लागण्याच्या चालीवर येतं, कुळाच्या तोंडी मात्र नाव लागण्याच्या.

– कुळवाडी यातलाच का?

– हो. कुळवाडी म्हणजे शेतकरी, कुणबी. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं ते याच अर्थानं.

– विदर्भात आम्ही जमीन ठोक्यानं (ठरीव रकमेवर) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) दिली म्हणतो. आता ‘कूळ’ कोणी म्हणत नाही.

– म्हणत नाहीत, कारण म्हटलं तर लागेल! कागद न करता तोंडी व्यवहार होतो. मग ज्यानं पेरलं त्याला पीककर्ज मिळायची मारामार, आणि गारपीट झाली की पंचनामा मालकाच्या नावानं. हा माणूस कायद्याच्या भाषेत कूळही नाही आणि मजूरही नाही. त्याचं नाव निदान पीकपाहणीत, म्हणजे कोणतं पीक कोणी घेतलं याच्या नोंदीत, तरी लागलं पाहिजे, आणि त्यासाठी आत्ता कोणीतरी भांडायला हवं.