चिंताग्रस्त मुलांच्या उपचारात आधी पालकांनी बदलायचे का?

धागाकर्ती (शालेय समुपदेशक, पुणे)

शाळेत समुपदेशन करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे आणि तिच्यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. अतिचिंतेचा त्रास असलेल्या मुलाला पालक आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे आणतात, पाऊण तास बाहेर बसतात आणि मूल बाहेर आले की "काय म्हणाल्या मॅडम?" असे विचारत घरी नेतात. आठवड्याचा बाकी सगळा वेळ मूल ज्या घरात काढते, तिथले वागणे मात्र जसेच्या तसे राहते. उपचाराची सुरुवात पालकांच्या वागण्यापासून व्हावी, असे माझे ठाम मत आहे. मूल थेरपीला यायलाच तयार नसेल, तर केवळ पालकांबरोबर काम करावे.

आठवीतल्या एका मुलीचे उदाहरण देते. रात्री दप्तर भरून झाले की ती आईला विचारते, "उद्या बाई मला उभं करणार नाहीत ना?" आई म्हणते, "नाही गं, मी बोललेय त्यांच्याशी." थोड्या वेळाने तोच प्रश्न वडिलांना आणि दिवा मालवल्यावर आजीला विचारला जातो. सगळे तिला तेच आश्वासन देतात, वडील स्कूलबसऐवजी स्वतः सोडतात, आई वर्गशिक्षिकेला मेसेज करते. त्या रात्रीपुरती ती झोपते. पण कोणीतरी धीर दिल्याशिवाय आपला निभाव लागत नाही, हा तिचा समज रोज आणखी पक्का होतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी याच गोष्टीवर 'स्पेस' नावाची पद्धत विकसित केली. चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांवरील अभ्यासात काही मुलांना प्रत्यक्ष सीबीटी (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारी थेरपी) देण्यात आली, तर इतरांच्या बाबतीत थेरपिस्ट फक्त पालकांना भेटले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांवर आधारलेला उपचार सीबीटीच्या तुलनेत कमी पडला नाही. या पद्धतीत पालक स्वतःची एकच सवय निवडतात आणि ती बदलण्याआधी मुलाला सांगतात: "तुला खरंच भीती वाटते हे आम्हाला कळतं, आणि तू ती सोसू शकशील याची आम्हाला खात्री आहे." त्यानंतर त्या प्रश्नाला रात्री एकदाच उत्तर द्यायचे, मूल रडले, चिडले तरी ओरडायचे नाही आणि माघारही घ्यायची नाही. मुलावर कसलीही सक्ती नसते, कारण बदलायचे असते ते फक्त आपले वागणे.

रानवाट (नाशिक)

माझा मुलगा चौदा वर्षांचा आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, त्यामुळे आपल्या मांडणीला माझा जोरदार विरोध आहे. आपण सांगितलेली मुलगी आणि माझा मुलगा बाहेरून सारखेच दिसतील: दोघेही शाळेत जायला घाबरतात, दोघांचेही घर त्यांच्या भोवती वळलेले असते. पण त्याची भीती ज्या गोष्टीची आहे, ती गोष्ट खरोखर घडत असते. मधल्या सुट्टीत दोनशे मुले एका पत्र्याच्या शेडखाली डबे उघडतात, तेव्हा तो आवाज त्याला दुखतो. आम्ही त्याला कान झाकणारे हेडफोन दिले होते. एका समुपदेशकाने ते 'टाळाटाळीचे साधन' ठरवले आणि हळूहळू बंद करायला लावले. महिन्याभरात त्याने डबा खाणे सोडले, नंतर शाळेचे मोजे पाहूनच त्याला उलटी होऊ लागली. हेडफोन परत दिल्यावरही गाडी रुळावर यायला पुढचे अख्खे सत्र गेले.

स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना एखादा तरी चिंताविकार असतो, असे २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले होते. म्हणजे ही मुले अपवाद म्हणून बाजूला काढण्याइतकी थोडी नाहीत; आपल्या दारात येणाऱ्या चिंताग्रस्त मुलांमध्ये ती आहेतच आणि कित्येकांचे निदानही झालेले नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, त्यामुळे लेखनिक, वाढीव वेळ, शांत खोली हे या मुलांचे हक्क ठरतात. एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) नाव तर त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीच, त्यामुळे त्या मुलांच्या पालकांना शाळेत प्रत्येक सोयीसाठी गयावया करावी लागते. इतक्या धडपडीने मिळवलेल्या सोयी घरच्यांनीच काढून घ्याव्यात, असे सांगणारी पद्धत मला घातक वाटते.

धागाकर्ती

आपल्या मुलाच्या बाबतीत जे झाले ते चुकीचेच होते, यात मला शंका नाही. मात्र त्यावरून सगळ्या सोयी सारख्या ठरत नाहीत. हेडफोन घालून मुलगा मधल्या सुट्टीत मित्रांच्या शेजारी बसत असेल, तर ती सोय त्याला आत नेते. "नको जाऊस आज" म्हणून आपण त्याला घरी ठेवले, तर ती सोय त्याला दूर ठेवते. पहिली जपायची आणि दुसरी कमी करायची, एवढेच माझे म्हणणे आहे. ही निवड रोज पालकच करत असतात, म्हणून प्रशिक्षण त्यांनाच हवे.

अर्धविराम

मी तेवीस वर्षांची आहे आणि माझे स्वमग्नतेचे निदान कॉलेजात असताना झाले. वरची कसोटी मला लावली असती, तर मी पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाले असते. मी रोज वर्गात जात होते, उत्तरे देत होते, स्नेहसंमेलनात नाचलेसुद्धा. समोरच्याच्या भुवयांकडे पाहायचे म्हणजे डोळ्यांत पाहिल्यासारखे वाटते, हे मी सहावीतच शिकले होते. घरी आल्यावर मात्र चादर डोक्यावर ओढून दिवेलागणीपर्यंत पडून राहायचे आणि कोणी हाक मारली तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळे याला 'सुधारणा' म्हणत होते. बारावीत मी कोसळले, तेव्हा घरच्यांना ते अचानक झाल्यासारखे वाटले.

मूल त्या जागी पोहोचले की नाही, हे मोजून काहीच कळत नाही. तिथे पोहोचण्यासाठी ते काय खर्च करते, हे मोजावे लागते, आणि ते मुलाला विचारल्याशिवाय कळणार नाही. या धाग्यात आतापर्यंत 'मुलाला सांगायचे' असे आले आहे, 'मुलाला विचारायचे' असे कोणीच लिहिलेले नाही. माझ्या आईवडिलांनीही कोणाकडून तरी सल्ला घेतला होता. ते आता माझ्याशी वेगळे वागतात, एवढेच मला दिसले आणि माझे काय चुकले याचा मी कित्येक रात्री विचार करत राहिले.

बालाघाट (बीड जिल्हा)

आपण सर्व जण थेरपी उपलब्ध आहे असे धरून चालला आहात. आमच्या गावातून जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. खासगी थेरपिस्टसाठी संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. तिथली फी दर आठवड्याला भरणे कोणत्याही शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आमच्याकडे पालकांनी शिकण्याला दुसरा पर्याय नाही.

आणि ते जमते, याचा पुरावा शेजारच्या गोव्यातच आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने गोव्यात आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरी जात, आई आणि मूल खेळतानाचे चित्रीकरण करत आणि मग तेच आईबरोबर बसून पाहत. मुलाने कुठे नजर वळवली, आई कुठे थांबली, त्यावर मुलाने काय केले, हे तिला पडद्यावर दिसायचे. त्यातून मुलांना प्रतिसाद देण्याची पालकांची रीत सुधारली आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. अशी माणसे तालुक्याला चार जरी मिळाली, तरी आमचे मोठे काम होईल.

रानवाट

बालाघाट, हे उदाहरण मला मनापासून पटले, पण ते धागाकर्तींच्या बाजूचे नाही. गोव्यातल्या आया मुलाचे संकेत वाचायला शिकल्या. येलच्या पद्धतीत पालक धीर देणे आवरायला शिकतात. दोन्हींना 'पालकांचे प्रशिक्षण' म्हटले, तरी एकीत पालक मुलाच्या जवळ सरकतो आणि दुसरीत एक पाऊल मागे होतो. ज्या मुलाचे म्हणणे अजून घरात कोणाला कळलेच नाही, त्याच्यापासून मागे सरण्यात कसला उपचार?

आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक आईला माहीत आहे. 'पालक' म्हटले की क्लिनिकमध्ये आई येते. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइमसारख्या मंडळींनी स्वमग्नतेचे खापर आईच्या थंड वागण्यावर फोडले आणि एका पिढीतल्या बायकांनी तो अपराध उरावर वागवला. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला, पण घरात सासूच्या तोंडी आणि शाळेत शिक्षकांच्या तोंडी तो जिवंत आहे: "तुम्हीच लाडावून ठेवलंय." उपचाराचा पहिला शब्द 'तुम्ही बदला' असा असेल, तर तो आईच्या कानावर याच सुरात पडतो.

धागाकर्ती

बेटलहाइमचा मुद्दा गंभीर आहे. पालकांमुळे आजार झाला, असे येलची पद्धत म्हणत नाही. पालकांच्या हाती काहीतरी आहे, एवढेच ती म्हणते. हा फरक पहिल्याच भेटीत, आई, वडील आणि शक्य असेल तर आजी-आजोबांसमोर, बोलून दाखवला पाहिजे, हे मी मान्य करते. अर्धविराम, तुम्ही म्हणता तसे मुलाला विचारणे मी यापुढे पहिल्या पायरीवर ठेवीन.

पण माझा एक प्रश्न अनुत्तरित राहतो. दिवाळीनंतर शाळेत पाऊल न टाकलेला, दहावीचा अर्ज न भरलेला, खोलीचे दार बंद करून बसलेला मुलगा प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणतो. त्याच्या नकाराला मान द्यायचा म्हणून जेवणाचे ताट दाराशी ठेवत राहायचे का? आणखी किती महिने? अशा घरात पालकांनी आधी हलावे लागते, यावर मी कायम आहे.

अर्धविराम

दार बंद करून बसलेली मी होते. मला शाळेविषयी विचारले की मी "नाही" म्हणायचे. आवाज, उजेड, झोप, पोटदुखी याविषयी कोणी विचारले असते, तर मी उत्तर दिले असते. वडिलांनी एकदा खोलीतली ट्यूबलाइट बदलून पिवळा दिवा लावला, त्या दिवशी मी स्वतःहून दार उघडे ठेवले होते.

रानवाट

म्हणून माझ्या दोन अटी आहेत आणि त्या मी सोडणार नाही. मुलाच्या संवेदनांची, झोपेची आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी झाल्याखेरीज घरातली एकही सोय काढायची नाही. आणि पालकांचे सत्र असेल, तर त्याला वडील हजर हवेत. ते आले नाहीत, तर आईला एकटीला आत न बोलावता सत्र पुढे ढकलावे.

बालाघाट

तपासणीची अट आमच्याकडे कोण पूर्ण करणार, ते सांगा. तोपर्यंत मी वाट पाहणार नाही. घरातला दिवा आज बदलतो.