नावालाच प्रायमरी की केली आणि अडकलो

आंबापेटी:
काकांचं देवगडात आंब्याचं पॅकिंग आहे, आजूबाजूच्या बागायतदारांचा माल आमच्याकडून वाशीला जातो. वहीतला हिशोब यंदा मी मायएसक्यूएल या डेटाबेसवर घेतला. काका माणसाला नावानं ओळखतात, म्हणून बागायतदारांच्या टेबलात नावालाच प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) केली. पाडव्यापर्यंत निभावलं. मग खालच्या वाडीतला एक जण पेट्या घेऊन आला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वरच्या वाडीतल्यासारखंच. एरर १०६२, डुप्लिकेट एन्ट्री. टेम्पो दारात उभा, म्हणून नावापुढे टिंब देऊन वेळ मारून नेली. (हसू नका.) आता मोबाइल नंबरला की करू का?

खलाशी:
टिंब! वाशीहून विक्रीची पट्टी आल्यावर पैसे कुणाला देणार होतास?
मोबाइल नको. वाडीतल्या किती म्हाताऱ्यांकडे फोन नसतो, आणि प्रायमरी कीत नल, म्हणजे रिकामी जागा, चालत नाही. शिवाय नंबर बदलला की पेट्यांच्या टेबलातली फॉरेन कीही (पेटी कुणाची ते सांगणारा रकाना) बदलत बस. सरळ ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणारा, क्रमांक ठेव. मोबाइलला नुसतं युनिक (तोच नंबर दोनदा नको) लाव. मायएसक्यूएलमध्ये त्यात नल कितीही चालतात.

आंबापेटी:
पण दादा, मग एकच माणूस चुकून दोनदा नोंदला तर? क्रमांक वेगळा, डेटाबेस गप्प.

खलाशी:
बरोबर पकडलंस. क्रमांक फक्त ओळ ओळखतो, माणूस नाही. म्हणून पूर्ण नाव आणि वाडी मिळून एक युनिक लाव, आणि दोन्ही रकाने नॉट नल कर. वाडी रिकामी राहिली तर युनिक काही अडवणार नाही.

सड्यावरचा:
पेट्यांच्या टेबलाला बागायतदार आणि तारीख मिळून एक प्रायमरी की, अशी जोड-की मात्र करू नकोस. मी केली होती. सकाळी पाच डझनी पेट्या आल्या, संध्याकाळी त्याच माणसाच्या सहा डझनी, आणि दुसरी नोंद घेईचना. आणि एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवर जाणार असशील तर टेक्स्ट प्रायमरी कीला नॉट नल वेगळं लिही. जुन्या चुकीमुळे तिथे नल खपतो.

आंबापेटी:
केलं सगळं. काकांना क्रमांक समजावले तर म्हणाले, “मगे पेटयेर मार्को घालतंव, तसोच मां!” (मार्को म्हणजे पेटीवरची खूण.) मी दोन तास घालवले त्यावर. टिंबवाल्याचं टिंब पुसलं. फक्त १२ नंतर एकदम १४ कसा आला?

खलाशी:
मधे कुणाला तरी दुसऱ्यांदा नोंदवायला गेला असशील. इन्सर्ट (नवी नोंद) फसला तरी नंबर खर्च होतो. राहू दे १३.