मदत हवी आहे: बहिणीच्या स्प्लीनच्या (प्लीहेच्या) रक्तवाहिनीला फुगा, कॉइलिंग (आत बारीक तारेची वेटोळी सोडून तो बंद करणं) करावं का?

नमस्कार मंडळी, माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची, पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तर प्लीहेच्या धमनीला फुगवटा दिसला, मग सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) कळलं की २.२ सेंमीचा अॅन्युरिझम (म्हणजे हाच फुगा) आहे आणि तो प्लीहेच्या अगदी तोंडाशी आहे. त्रास काहीच नाही तिला. एक डॉक्टर म्हणाले की ३ सेंमीपर्यंत नुसतं दर वर्षी स्कॅन करून लक्ष ठेवतात, पण तिला दुसरं मूल हवंय आणि गरोदरपणात तो फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, म्हणून दुसरे म्हणतात की साइज कितीही असो, आधी बंद करून घ्या. मला तरी हेच पटतंय.

मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून कॉइलिंग कोणी करून घेतलंय का? नंतर किती दिवस दुखलं, ताप आला का? प्लीहेचा काही भाग निकामी झाला का, आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या जंतूची) वगैरे लस आधीच दिली होती का? पुण्या-मुंबईत याचा चांगला अनुभव असलेले इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत कॅथेटरने असे उपचार करणारे डॉक्टर) माहीत असतील तर प्लीज सांगा, घरी सगळे फार घाबरलेत.